क्लास-ऑब्जेक्ट कळत नाही? आधी आप्पांची वही उघड

प्रश्न : मी यावल तालुक्यातल्या खेड्यात राहते, बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लूप, लिस्ट, फंक्शन जमलं, पण क्लास-ऑब्जेक्टला गाडी अडली. व्याख्या पाठ आहेत, प्रोग्राम लिहिता येत नाही. पुण्यातला एक शिकवणीवाला ४० हजार मागतो. आप्पा म्हणतात, केळी कापली की भरू. काय करू?

उत्तर : बेटा, आप्पांना सांग, पैसे सध्या राहू द्या. फंक्शन स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या मुलीला एवढ्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. तुला क्लास शिकवला तेव्हा तुला त्याची गरजच पडलेली नव्हती, म्हणून तो डोक्यात बसला नाही. पायथनच्या अधिकृत ट्यूटोरियलमध्येसुद्धा हा विषय थेट नवव्या प्रकरणात येतो.

आता आप्पांची केळीच्या हिशेबाची वही घे. प्रत्येक कापणीची तारीख, क्विंटलमध्ये वजन, भाव, व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल. या चार गोष्टींच्या चार लिस्ट कर, दहा कापण्या भर आणि एकूण येणं काढ. मग चौथी नोंद चुकली असं समजून ती वजनाच्या लिस्टमधून काढ, भावाच्या लिस्टमधून मात्र मुद्दाम काढू नकोस. पाचव्या कापणीच्या वजनाला चौथीचा भाव लागेल, तिथून खाली सगळंच सरकेल. लिस्टच्या लांबीवर लूप फिरवला असेल, तर कदाचित एररही येणार नाही. चुकीचा आकडा गुपचूप छापला जाईल. हा फटका एकदा बसू दे.

त्यानंतर ‘कापणी’ नावाचा क्लास लिही. क्लास म्हणजे नोंदीचा साचा, त्या साच्यातून भरलेली एकेक कापणी म्हणजे ऑब्जेक्ट. तारीख, वजन, भाव, उचल एकाच ऑब्जेक्टमध्ये, आणि रक्कम काढणारं फंक्शनही तिथेच. नोंद काढलीस की सगळं सोबत जातं. ‘एन्कॅप्स्युलेशन’ची, म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधण्याची, सुरुवात इथून होते. पायथन ३ मध्ये क्लासची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीतही चालतात. सरावाला खुशाल मराठीत लिही, नोकरीच्या कामात इंग्रजी ठेव.

बहुतेक मुलं ‘सेल्फ’पाशी अडतात. ‘रक्कम’ फंक्शनच्या कंसात सेल्फ लिहायचं विसरून बघ. तू काहीच दिलेलं नसतं, तरी पायथन म्हणतो, ‘टेक्स झीरो पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट वन वॉज गिव्हन’. तो एक कोण? ज्या कापणीवर तू फंक्शन चालवलंस ती कापणीच. पायथन तिला आपणहून पहिल्या जागी पाठवतो, तिला धरायला ठेवलेलं नाव म्हणजे सेल्फ. एवढी एक एरर नीट वाचलीस तर दहा व्हिडिओंचं काम होईल.

इनहेरिटन्सची, म्हणजे सामाईक भाग वरच्या एका क्लासकडून घेण्याची, घाई नको. केळीची मृगबाग जून-जुलैत लागते, केळीचीच कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. या दोन्हींचे दोन क्लास कर. खोडांची संख्या, लागवडीचं अंतर हे दोन्हीकडे लिहावंच लागतं. तोच मजकूर दोन क्लासमध्ये उतरवून कंटाळलीस की तो वर ‘केळीबाग’ क्लासमध्ये ने. कंटाळा येण्याआधी नेऊ नकोस.

शिकायला स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर पायथनचे कोर्स फुकट आहेत. एनपीटीईएलवर प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांना कोरी फाइल उघडून दिली की हात थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. तुझ्याकडे घरचा खरा हिशेब आहे. मुलाखतीत तोच प्रोग्राम उघडून ‘आधी लिस्टने केलं, इथे चुकलं, म्हणून क्लास केला’ असं सांगता आलं तर बोलायला भरपूर असेल.

तीन महिने रोज एक तास दे. तरीही अडलीस तर पैशांचा विचार तेव्हा करू, आणि तोही आधी जळगावात चौकशी करून. तोवर लिस्टचा आणि क्लासचा, दोन्ही प्रोग्राम मला पाठव. जिथे अडशील ती ओळ पुसू नकोस, तशीच राहू दे.