‘टेल्स फ्रॉम शेक्सपिअर’मध्ये मेरी लॅमचा वाटा किती होता?
निम्म्याहून बराच जास्त. १८०७ साली लंडनमध्ये निघालेल्या या पुस्तकात शेक्सपिअरच्या नाटकांवरून मुलांसाठी सांगितलेल्या २० गोष्टी आहेत. त्यातल्या १४ मेरीच्या. हॅम्लेट, मॅकबेथ, लिअर अशा ६ शोकांतिका तिच्या धाकट्या भावाच्या, चार्ल्सच्या. तरी शीर्षकपानावर नाव छापलं एकट्या चार्ल्सचं. मला हे अजूनही खुपतं.

दोघं एकाच टेबलाशी बसून लिहायची. मेरीनं एका पत्रात सांगितलंय, ती तपकीर ओढत असते आणि चार्ल्स ‘काही जमत नाही’ म्हणून कण्हत असतो.

तिची हातोटी बघायची तर ‘टेम्पेस्ट’ वाचा. मूळ नाटक उघडतं ते वादळात सापडलेल्या जहाजावर, खलाशांच्या आरडाओरड्यात. मेरी मात्र आधी समुद्रातलं बेट दाखवते, तिथं राहणारा म्हातारा प्रॉस्परो आणि त्याची लेक मिरांडा. अगदी आजीच्या गोष्टीसारखं! कोण कुणाचं हे मुलांना आधी कळतं, वादळ मागून येतं.

आणि प्रस्तावना वगळू नका. हे लेखन मुख्यतः मुलींसाठी आहे, असं तिथं म्हटलंय. कारण मुलग्यांना वडिलांची पुस्तकं फार लवकर हाताळायला मिळत, मुलींना नाही.