लिफ्ट केलेल्या हायलक्सला अप्पर आर्म: ६८ हजारांसाठी ठेव मोडावी का?

प्रश्न सांगोल्याच्या एका डाळिंब बागायतदारांचा आहे. त्यांनी टोयोटाच्या हायलक्स पिकअपला पुढून 'दोन इंच' लिफ्ट करून, म्हणजे जमिनीपासून उंच करून घेतलीय. आता सोलापूरचं गॅरेज म्हणतंय, दुसऱ्या कंपनीचे अप्पर कंट्रोल आर्म (पुढच्या चाकाला वरून चेसिसशी जोडणारे दांडे) बसवल्याशिवाय गाडी सरळ चालणार नाही. कोटेशन ६८,००० रुपयांचं. पैसे आठ महिने झालेल्या दीड लाखाच्या ठेवीतून काढायचे की १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज घ्यायचं, असं त्यांनी विचारलंय.

सध्या दोन्ही करू नका. आर्म लागतात की नाही हे अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन मोजल्याचा, कागद सांगेल, आणि तो कागद तुमच्या पत्रात नाही.

आधी हे 'दोन इंच' कुठले ते पाहा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या डोक्यावर बसवलेल्या स्पेसरची (उंची वाढवणाऱ्या चकतीची) जाडी आणि चाकाशी मिळणारी उंची वेगवेगळी असते. एक इंचाचा स्पेसर चाकाशी जवळपास दोन इंच देतो. तुमचा स्पेसरच दोन इंचांचा असेल, तर गाडी साडेतीन-चार इंच उचलली गेलीय. मग आर्मचा खर्च करण्यापेक्षा स्पेसर काढून पातळ बसवणं शहाणपणाचं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा आणि तशाच न उचललेल्या हायलक्सशी ताडून पाहा.

चाकाशी खरोखर दोन इंच किंवा कमी असेल, तर बहुतेक वेळा कंपनीचे आर्म चालतात. गाडी उचलली की कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागचा कल) कमी होतो, म्हणून स्टेअरिंग भरकटतं आणि वळणानंतर आपसूक सरळ येत नाही. हायलक्सच्या लोअर आर्मला कॅम बोल्ट (फिरवून आर्म सरकवता येणारे बोल्ट) असतात, त्यांनी कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर बराचसा परत आणता येतो. अलाइनमेंटवाल्याला फक्त टो (वरून पाहता चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत) नव्हे, कॅस्टर, कॅम्बर आणि टो या तिन्ही आकड्यांची आधीची आणि नंतरची प्रिंट द्यायला सांगा. नुसता टो करून 'झालं' म्हणणारे पुष्कळ. कॅम पूर्ण फिरवूनही कॅस्टर मर्यादेत येत नसेल, तर आर्म लागतात किंवा लिफ्ट उतरवावी लागते.

आणखी एक तपासणी. चेसिसला घोडी (स्टँड) लावून पुढची चाकं लोंबू द्या. अप्पर आर्म कॉइलला टेकतो का, त्यावर घासल्याची चकाकी आहे का, बॉल जॉइंटचं (आर्मच्या टोकाच्या गोल सांध्याचं) रबर ताणून फाटलंय का, ते पाहा. टेकत असेल तर दुरुस्ती लांबवू नका, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. शिवाय लिफ्टनंतर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा कसले होते का, हेही विचारा. नाही तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे काम मजुरीत भागतं.

आर्म घ्यायचेच ठरले, तर बॉल जॉइंट सुटा मिळतो का ते लेखी घ्या. नाही तर जॉइंट गेला की पूर्ण आर्म विकत घ्यावा लागेल. उघडा युनिबॉल (रबराचं आवरण नसलेला धातूचा गोल सांधा) शेतरस्त्याच्या धुळीत आणि काळ्या चिखलात लवकर खडखडतो, तेव्हा बंद रबराचा जॉइंट घ्या.

आता पैसे. कर्जाचा हप्ता सुमारे ३,२६५ रुपये, दोन वर्षांत व्याज १०,३५० च्या आसपास. ठेव मोडल्यास १ टक्का दंड धरला तर आठ महिन्यांचे हजारेक रुपये जातात, वर ठेव जितके महिने राहिली तितक्याच मुदतीचा दर बँक देते. त्याहून बरा मार्ग ठेवीवरच्या कर्जाचा: दर बहुधा ठेवीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो, आणि डाळिंबाचे पैसे आले की फेडता येतं. हा खर्च गाडी विकताना वसूल होईल असं मात्र धरू नका.

आर्म बसवल्यानं लिफ्ट कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. कलम १८२ए(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघाताचा दावा अडकू शकतो, आणि ती रक्कम ६८ हजारांच्या कितीतरी पट असेल. म्हणून गॅरेजला होकार देण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच मागा.