लैंगिक की लिंगभाव?

प्रश्न असा आहे : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या, स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा या विषयावरच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाबद्दल मराठीत लिहिताना 'लैंगिक समानता' म्हणावं की 'लिंगभाव समानता' (लिंगभाव म्हणजे इंग्रजीतलं 'जेंडर')? आणि त्यातल्या 'महिला शांतिसैनिक' या शब्दाचं काय?

मथळ्यापुरतं विचाराल तर 'लैंगिक समानता' चालून जातं. इतकं रुळलंय की कुणी अडखळत नाही. पंचाईत मजकुरात होते. ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने मंजूर झालेल्या या ठरावाचं दहावं कलम पाहा. सशस्त्र संघर्षातल्या सर्व पक्षांनी स्त्रियांना आणि मुलींना लिंगभावाधारित हिंसेपासून, विशेषतः बलात्कार व इतर लैंगिक अत्याचारांपासून, वाचवण्यासाठी खास उपाय योजावेत, असं ते सांगतं. म्हणजे आधी मोठं वर्तुळ, मग त्यातलं छोटं. विधवेला ती विधवा म्हणून जमिनीवरून हुसकावणं पहिल्यात बसतं, दुसऱ्यात नाही. दोन्हीकडे 'लैंगिक' घातलं की 'लैंगिक हिंसा, विशेषतः लैंगिक अत्याचार' असं काहीतरी तयार होतं आणि कलमाचा मुद्दाच वाहून जातो.

मराठीत 'लैंगिक' हा शब्द शरीरसंबंधाकडे कललेला आहे : लैंगिक शिक्षण, लैंगिक छळ, लैंगिक समस्या. शांतता मोहिमांमध्ये 'जेंडर ॲडव्हायझर' असं पद असतं. त्याचं 'लैंगिक सल्लागार' केलंत तर वाचक थेट गुप्तरोगाच्या दवाखान्याच्या पाटीखाली जाऊन उभा राहील! तिथे 'लिंगभाव सल्लागार'च हवं.

मी 'लैंगिक' अत्याचारांपुरता राखून ठेवतो. २००८ चा १८२० क्रमांकाचा ठराव त्याच विषयावर आहे. समाजाने घडवलेल्या बाईपणा-पुरुषपणाबद्दल बोलायचं तिथे 'लिंगभाव'. वाटाघाटींना बायका किती होत्या एवढंच सांगायचं असेल, तर सरळ 'स्त्रियांचा सहभाग' लिहावं. मूळ ठरावातही तिथे 'स्त्रिया'च आहेत. 'स्त्री-पुरुष समानता' कानाला सगळ्यांत गोड लागतं, पण त्यात तृतीयपंथी मावत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे.

आता 'महिला शांतिसैनिक'. २००७ मध्ये भारताने लायबेरियात पाठवलेली स्त्रियांची तुकडी केंद्रीय राखीव पोलीस दलाची होती. पोलिसांना सैनिक कशाला म्हणायचं? 'शांतिरक्षक' म्हणा. दर वाक्यात 'महिला' जोडायचीही गरज नाही. 'शांतिरक्षक मन्रोव्हियात उतरल्या' म्हटलं की क्रियापद ते काम चोख करतं.