पहाटे हुडहुडी, दुपारी घाम: पुण्यात स्कूटरवर काय घालावं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीहून नुकतेच आलात, सकाळी साडेसहाला पाषाणहून हडपसरला स्कूटरने जाता, जाड जॅकेट घालूनही कुडकुडता आणि दुपारी परतताना तेच जॅकेट नकोसं होतं. याहून जाड जॅकेट कुठलं घेऊ, असं विचारलंय. माझं ऐकाल तर घेऊच नका. पातळ कपडे एकावर एक घाला.

कोकणात समुद्रामुळे दिवसरात्रीच्या तापमानात पुण्याइतका फरक पडत नाही. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अलीकडे. हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून भराभर निवते. पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी २९-३० हे इथलं नेहमीचं. पेपरात येतो तो आकडा बहुधा शिवाजीनगरचा असतो; तुमच्या पाषाणला, तिकडे एनडीएच्या बाजूला, पारा अनेकदा त्याच्याही खाली असतो.

पण स्कूटरवर खरा त्रास वाऱ्याचा. कपड्यांच्या मधे अडकलेली हवा आपल्याला ऊब देते, आणि वारा शिरला की तीच निघून जाते. तुमचं जॅकेट कितीही जाड असलं तरी गळ्याशी आणि मनगटाशी सैल असेल तर उपयोग शून्य. म्हणून आत सुती बनियन, त्यावर लोकरीचा हाफ स्वेटर, आणि सगळ्यात वर पातळ विंडचीटर, गळ्यापर्यंत चेन लावून. हातमोजे असे घाला की बाहीचं टोक मोज्याच्या आत जाईल. कानाला रुमाल किंवा स्कार्फ, वरून हेल्मेट.

माझे वडील खडकीला पहिल्या पाळीला सायकलने जायचे. निघताना कालचा पेपर चौघडी करून शर्ट आणि स्वेटरच्या मधे छातीवर सरकवायचे. सायकलवर टांग टाकली की तो कागद करकर वाजायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला त्यावरून कळायचं, बाबा निघाले. विंडचीटर घरी विसरलात तर हा उपाय आजही करून बघा, छातीला वारा लागत नाही.

दुपारी विंडचीटर आणि स्वेटर घडी करून डिकीत टाका, दोन्ही मिळून एका पिशवीत मावतात. जाड जॅकेट तिथेच अडतं.

घामाचं मात्र जपा. सिंहगड पहिल्यांदा चढलो तेव्हा पायथ्याच्या आतकरवाडीपासूनच स्वेटर अंगात होता. वर पोचेपर्यंत बनियन पिळून काढावं इतकं भिजलं, आणि वरच्या वाऱ्यात दात वाजायला लागले. पुढे दोन दिवस ताप. तेव्हापासून चढताना स्वेटर पाठीवरच्या पिशवीत आणि सोबत एक कोरडं बनियन, हे मी कधी चुकवत नाही. तुम्हीही ऑफिसात एक ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये लोक स्वेटर माळ्यावर टाकतात, ती घाई करू नका. दुपारी पारा ३५ च्या घरात जातो, पण पहाटे गारवा असतोच. तेव्हा स्वेटर नको, बनियनवर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि विंडचीटर पुरे. पाषाण तलावाच्या बाजूने जात असाल तर चेन घराच्या दारातच लावून निघा.