वाचकांचे प्रश्न : शेडच्या छताला दिवे कोणते लावावेत?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचे मशीन शॉप आहे. शेड ६० फूट लांब व ४० फूट रुंद असून पत्र्याच्या छताखाली दिवे २२ फुटांवर लटकतात. लेथ, मिलिंग आणि दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग) मशीन चालतात. ४०० वॅटच्या सहा मेटल हॅलाइड दिव्यांचा उजेड आता फार मंदावला आहे. विक्रेते म्हणतात, त्याच सहा हुकांना १५० वॅटचे एलईडी हायबे (उंच छतासाठीचे दिवे) अडकवा, भागेल. तसे करावे का? – एक वाचक, शिरोली

उत्तर : माझ्या मते करू नये. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. तो उजेड किती देतो हे लुमेनवर ठरते, आणि त्यातला कामाच्या पातळीवर किती पोहोचतो हे लक्समध्ये मोजतात; एक लक्स म्हणजे दर चौरस मीटरला एक लुमेन. मध्यम दर्जाच्या मशीनकामासाठी आयएस ३६४६ या भारतीय मानकात ३०० ते ७५० लक्स अशी मर्यादा दिली आहे. मधला ५०० चा आकडा धरून हिशेब करू. आपल्या शेडचे क्षेत्रफळ सुमारे २२३ चौरस मीटर आहे, म्हणजे कामाच्या पातळीवर १,११,५०० लुमेन पोहोचायला हवेत. पण भिंतींवर वाया जाणारा उजेड आणि काचेवर बसणारी धूळ व तेलाचा थर लक्षात घेता दिव्यांतून निघालेल्यापैकी ५५ टक्क्यांच्या आसपासच खाली उपयोगी पडतो, म्हणून दिव्यांतून सुमारे दोन लाख लुमेन निघाले पाहिजेत. वॅटला १४० लुमेन देणारे चांगले दिवे घेतले, तरी १५० वॅटचे सहा मिळून सव्वा लाखाच्या थोडे वर जातात आणि खाली ३०० लक्सच्या आसपास उजेड मिळतो.

त्याऐवजी १२० वॅटचे बारा दिवे, चारचारच्या तीन ओळींत लावावेत. लांबीत १५ फूट आणि रुंदीत साधारण १३ फूट अंतर पडेल. एकूण भार १,४४० वॅट होईल, म्हणजे जुन्या सहा दिव्यांच्या चोकसकटच्या भारापेक्षा बराच कमी. खर्च वाढेल हे मला दिसते. पण सहाच ठिकाणांहून उजेड आला की लेथवर वाकलेल्या कामगाराच्या स्वतःच्या डोक्याची सावली जॉबवर पडते, आणि तो मग कुठल्या बाजूने वाकावे याचा विचार करत टूल लावतो. या उंचीला उजेड ९० अंशांच्या कोनात पसरवणारे दिवे योग्य आहेत; ६० अंशांचे दिवे ३५-४० फुटांच्या शेडसाठी ठेवावेत. मायक्रोमीटर लावून तपासणी होते त्या टेबलावर मात्र वेगळा दिवा द्यावाच.

आता ज्या मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, तो लुकलुकण्याचा. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा (एलईडीला लागणारी वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही. पण लेथवर जॉब पकडणारा तीन जबड्यांचा चक मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर एका जागेवरून सेकंदाला नेमके १०० जबडे जातात, आणि अशा उजेडात फिरता चक थांबल्यासारखा किंवा सावकाश सरकल्यासारखा दिसू शकतो. त्या भासाने कोणी हात पुढे केला तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून फ्लिकर-फ्री ड्रायव्हरचा आग्रह धरावा आणि खरेदीपूर्वी एक दिवा पेटवून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याचे चित्रण करावे. ठळक पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा परत करावा. शिवाय तिन्ही ओळी तीन वेगवेगळ्या फेजवर टाकाव्यात, म्हणजे एक फेज गेली तरी चालत्या मशीनवर पूर्ण अंधार होणार नाही.

एलईडी दिव्यात उजेड देणाऱ्या चिपच्या आधी ड्रायव्हर निकामी होतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालची हवा खालच्यापेक्षा खूप तापते, तेव्हा निदान ५० अंश सेल्सिअसला चालण्याची हमी लेखी घ्यावी. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, त्यासाठी १० किलोव्होल्टचे सर्ज (विजेच्या दाबाच्या अचानक उसळीपासूनचे) संरक्षण असावे. कूलंटचा धूर आत शिरू नये म्हणून आयपी ६५ हा धूळ व पाणी रोखण्याचा दर्जा आणि पुसायला सोपी कडक काच घ्यावी. हुकाशिवाय प्रत्येक दिव्याला वेगळी सुरक्षा साखळी बांधावी.

प्रश्न : गुजरीत आमचे दागिन्यांचे छोटे दुकान आहे. पांढऱ्याशुभ्र पॅनल लाइटमध्ये सोने फिके दिसते. काय बदलावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उजेडाची रंगछटा केल्व्हिनमध्ये सांगतात. ६,५०० केल्व्हिनचा उजेड निळसर असतो, म्हणून सोन्याचा पिवळेपणा उतरतो. सोन्याच्या काउंटरवर ३,००० केल्व्हिनचे आणि चांदीवर ४,००० केल्व्हिनचे स्पॉट लावावेत. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर असावा आणि लाल रंगाचा आर ९ आकडाही विचारून घ्यावा, नाहीतर साजातला लाल खडा मळकट दिसतो. स्पॉट गिऱ्हाइकाच्या डोक्यावर न घेता काउंटरच्या काचेवर घ्यावा. पसंत करण्याआधी एक दागिना त्या दिव्याखाली धरावा, मग दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावा. दोन्हीकडे खड्याचा रंग एकच दिसला तर तो दिवा घ्यावा.