शाळेचा रॅम्प कोणी बांधायचा?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. पट 28. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, वॉकर धरून चालते. शाळेला तीन पायऱ्या आहेत आणि स्वच्छतागृहात धरायला काहीच नाही, म्हणून ती शाळेत दिवसभर पाणी पीत नाही. गुरुजी म्हणतात अनुदान नाही, ग्रामसेवक म्हणतात शाळा जिल्हा परिषदेची आहे. मी कोणाकडे जाऊ?
– एक आई, तालुका संगमनेर

उत्तर : ताई, 'दिवसभर पाणी पीत नाही' इथे आले आणि तुमचं पत्र मी खाली ठेवलं. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण अशा मुली नजरेसमोरून जात नाहीत.

गुरुजी खोटं बोलत नाहीत. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 10 हजार रुपये. त्यातच खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती. रॅम्प त्यात बसत नाही. ग्रामसेवक भाऊसाहेबांचं म्हणणं मात्र अर्धंच खरं आहे. इमारत जिल्हा परिषदेची असली तरी शाळा गावाची आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ग्रामपंचायतीला 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेसाठी मोकळा. शिवाय स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पण तोंडी विनवण्या करत फिरू नका. आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, म्हणजे तिथे तुमच्यासारख्याच आया बसलेल्या असतील. ठराव शाळा विकास आराखड्यात घाला, एक प्रत ग्रामपंचायतीला देऊन पोच घ्या आणि ग्रामसभेत काम गावच्या विकास आराखड्यात लिहून घ्या. आराखड्यात नसलेल्या कामाला मार्चमध्ये कोणी पैसे देत नाही. 'बघू' म्हणत वर्ष गेलेल्या शाळा मी खूप पाहिल्या आहेत.

आता मोजमापाचं सांगते, कारण इथेच घात होतो. माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या गावांतल्या, एका शाळेचं जोतं दीड फूट उंच होतं. रॅम्प बांधला चार फुटांचा. कागदावर काम पूर्ण. चाकाच्या खुर्चीतला मुलगा उतरायला लागला की चौथीतली दोन पोरं मागून खुर्ची ओढून धरायची, पाय घसरत असतानाही. पावसाळ्यात त्या गुळगुळीत सिमेंटवर शेवाळ धरलं, मग मुलाला उचलूनच आणायला लागले. रॅम्प होता, पण त्याच्यासाठी नव्हता.

नियम एकास बारा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे दीड फुटाला अठरा. जागा कमी पडली तर मध्ये सपाट ओटा ठेवून वळण घ्यायचं. पृष्ठभाग खरबरीत हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा. स्वच्छतागृहात भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा, आणि तो मुलीला उभी करून तिच्या हाताच्या उंचीवर खूण करून लावायचा. हे सगळं ठरावातच लिहा. नुसतं 'रॅम्प बांधणे' लिहिलं तर पुन्हा चार फुटांचा होईल.

बांधकामाइतकीच माणसांची मदतही लागेल. पंचायत समितीकडे गट साधन केंद्र असतं, तिथे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांच्याकडे गावं पुष्कळ, त्यामुळे मागणी केल्याशिवाय ते पोचतीलच असं नाही. केंद्रप्रमुखांमार्फत लेखी मागणी करा. फिजिओथेरपी आणि साहित्यवाटपाचं शिबिर कधी आहे, तेही त्यांनाच विचारा. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेतून महिना 200 रुपयांप्रमाणे 10 महिने प्रोत्साहन भत्ता आहे. पण यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलीची दिव्यांग म्हणून नोंद नसेल तर यातलं काहीच मिळणार नाही. गुरुजींच्या शेजारी बसून ती नोंद डोळ्यांनी बघा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर ते लगेच काढा.

काम होईपर्यंत तिला तहानलेली ठेवू नका. मधल्या सुट्टीत तिला आधार देऊन नेईल अशी एक बाई आजच ठरवा. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारा, त्या शाळेतच असतात. आणि ग्रामसभेला जाताना टेप घेऊन जोत्याची उंची मोजून न्या.