फेमटोसेकंद लेसरने रेणूंची हालचाल पाहतात म्हणे. एवढा वेगवान कॅमेरा असतो का?

नाही, त्यासाठी एवढा वेगवान कॅमेरा लागतच नाही. मी जळगावात बी.एस्सी.ला भौतिक रसायनशास्त्र शिकवते. हा प्रश्न वर्गातही येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेणूतले अणू फेमटोसेकंदांच्या हिशेबात हलतात. १ फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. म्हणून लेसरचे तसेच फेमटोसेकंदांत मोजावे लागणारे दोन स्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, वापरतात. पहिला, म्हणजे पंप, रेणूंना ऊर्जा देऊन हालचाल सुरू करतो. दुसरा, प्रोब, किंचित उशिरा येऊन रेणू कुठवर पोचले ते तपासतो.

हा 'किंचित' मोजतात अंतराने. प्रकाश १० फेमटोसेकंदांत ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जातो. प्रोबच्या वाटेवरचा आरसा दीड मायक्रॉन मागे घेतला, की जाऊन-येऊन ३ मायक्रॉन वाट वाढते आणि प्रोब १० फेमटोसेकंद उशिरा पोचतो. आरसा सरकवून वेळ मोजायची ही युक्ती मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते.

आरसा थोडा थोडा सरकवत हा प्रयोग पुन्हा पुन्हा करतात. पण दर वेळी रेणू वेगळे, मग मेळ कसा बसतो? रावेर-यावलकडे एकाच दिवशी लावलेली टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या एकसारख्या रोपांची) केळी जवळपास एकदमच निसवते, म्हणजे तिचे घड बाहेर पडतात. आज एका झाडाचा घड कापून पाहिला, पंधरा दिवसांनी दुसऱ्याचा, तरी घड कसा भरत गेला ते कळतं. पंप असंख्य रेणूंची सुरुवात अशीच एका क्षणी करून देतो.

रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांच्या गटाने १९८७ मध्ये आयोडिन सायनाइडचा बंध तुटताना असाच टिपला. त्याला साधारण २०० फेमटोसेकंद लागले. सोडियम आयोडाइडमध्ये तर आणखी बहार आहे. तिथे बंध ताणला जातो, परत आखडतो, साधारण सव्वा पिकोसेकंदाला (म्हणजे १२५० फेमटोसेकंदांना) एक फेरी, आणि प्रत्येक फेरीत थोडे रेणू फुटून निसटतात. आलेखात ते पायऱ्यापायऱ्यांनी दिसतं. झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: इथे रेणूचा फोटो येत नाही. प्रोबचं शोषण किंवा त्यामुळे निघणारी चमक किती बदलली, एवढंच हाती येतं. त्यावरून हालचाल गणिताने उभी करावी लागते. त्यामुळे या वाटेला जायचं असेल तर स्पेक्ट्रोस्कोपी आणि क्वांटमचे पेपर नुसते पास होण्यापुरते करू नका.